बारशाचा मासा

बारशाच्या दिवशी बाळाच्या नावाने एक मासा धरणात सोडायचा, ही त्या घराची रीत. सासूबाईंनी शेततळ्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेली टवटवीत चिलापी मासळी बादलीत घेतली. बाळाच्या आईने, तेजश्रीने, सवयीने बोटातली माशांचा रोग ओळखणारी अंगठी त्या पाण्यात बुडवली. खडा जांभळा झाला, म्हणजे विषाणू होता.

"आई, थांबा! हिला रोग आहे."

"काहीतरीच! उड्या बघ कशा मारतेय. तुला पोर शिंकली तरी रोग दिसतो."

"पिंजऱ्यातल्यांना लस टोचलीय, म्हणून तगतात. धरणातल्यांना कोण टोचणार? माझ्या दादाचं जाळं रिकामं येईल."

"अगं, लोक म्हणतील, नातीच्या नावाने साधा मासा सोडला नाही!"

"म्हणू देत. धरणातले सगळे तिच्याच नावाने जगू देत."

 सासूबाईंनी बादलीवर परात झाकली.

"चल, पाळण्यापाशी बायका खोळंबल्यात."