गुणाची पोर

स्वराज गोधडीवर पाय झाडत टाहो फोडत होता. त्याची आजी मोतीबाई त्याला वळसा घालून पुढे गेली आणि झोळीत गाढ झोपलेल्या समिधाला उचलून तिने छातीशी धरलं.

संजना मोरीतून ओल्या केसांनी तशीच धावत आली. "आई, तो रडतोय ना! झोपलेलीला कशाला उचलता?"

"रडतोय म्हंजे बरा हाय तो," सासू म्हणाली. "रडू दे."

जगातल्या सगळ्या आज्या नातवासाठी जीव टाकतात. चौक गावाजवळच्या या घरात मात्र उलटाच कारभार. जुळ्यातला मुलगा म्हातारीच्या खिजगणतीतही नव्हता. तेल, मालीश, शेक, पापे, सगळं मुलीला, आणि तेही ती झोपली की. पोर जागी होऊन हातपाय हलवायला लागली की मोतीबाईचा जीव भांड्यात पडायचा आणि ती भाकऱ्या थापायला जायची. वर हाक मारायची 'गजा' म्हणून. पोरीला! "समिधा म्हणा हो," असं संजनाने कितीदा तरी सांगून पाहिलं. म्हातारी हो म्हणायची आणि पुन्हा तेच. कमलेशला सांगितलं तर तो हसला. रसायनीच्या कंपनीत पाळी करून आलेल्या नवऱ्याला हसण्यापलीकडे काय सुचणार? "आईला आवडत असेल नाव. जाऊ दे ना," म्हणाला आणि घोरायला लागला.

मध्ये एकदा शेजारची कोंडी बाळं बघायला आली होती. झोळीत डोकावून म्हणाली, "हिचा आवाजच नाय गं बाय. केवढी गुणाची पोर!"

मोतीबाईने हातातली तेलाची वाटी खाली आदळली. "गुणाची म्हणू नको तिला! निघ तू."

कोंडी तोंड पाडून गेली. म्हातारीला दृष्टीची भीती वाटत असेल, असं संजनाने मनाला समजावलं आणि समिधाच्या गालावर काजळाचा चांगला ठसठशीत ठिपका लावला. पण त्या दिवसापासून तिला सासूचीच भीती वाटायला लागली. मोतीबाई झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून बसायची. ओठ हलायचे. नजर पोरीवर असायची, पण बघत असायची ती दुसऱ्याच कोणाला तरी. खोलीत आपल्याशिवाय आणखी कोणी आहे, असं वाटून संजनाच्या अंगावर काटा यायचा.

तशात समिधाच्या तळव्यांवर लाल डाग दिसायला लागले. आधी वाटलं डास. मग वाटलं मुंग्या. गोधड्या उन्हात टाकल्या, झोळी गरम पाण्यात धुतली. डाग काही जाईनात. स्वराजच्या पायांवर मात्र एकही डाग नव्हता.

आजही संजनाने स्वराजला उचललं, आतल्या खोलीत नेऊन पाजलं, निजवलं. बाहेर आली तर समिधा पुन्हा झोळीत निजलेली. मोतीबाईने झोळीची कड बाजूला सारली, इवलासा पाय बाहेर काढला आणि तळव्यावर टिचकी मारली. पोर हलली नाही. म्हातारीने दुसरी मारली, जोरात. समिधा किंचाळून रडायला लागली आणि मोतीबाई हसली. डोळ्यांतून पाणी काढत हसली. "रडली गं माझी बाय. रडली."

संजनाने पोर हिसकावून घेतली. तिने तसाच रसायनीला भावाला फोन लावला. "ऋषी, गाडी घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. या घरात मी पोरांना ठेवणार नाही."

मोतीबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिने मात्र दोरीवरच्या लंगोट्या काढून घड्या घातल्या, तेलाची बाटली फडक्यात गुंडाळली, पिशवी भरली. समिधा हुंदके देत खांद्यावर झोपली, तसं संजनाने तिला झोळीत ठेवलं आणि निजलेल्या स्वराजला आणून गोधडीवर टाकलं. बाहेर हॉर्न वाजला.

"न्ये, पोरी," मोतीबाई म्हणाली. "पण तिकडं गेल्यावर रडतो त्यालाच आधी घेऊ नको."

"म्हणजे?"

"कमलेश एकटा नाय झाला. जोडी होती. माहेरात बाळंत झाली मी. आई शेतावर, मी एकटी. हा रातंदिस रडायचा. ह्यालाच घ्यायची, ह्यालाच पाजायची, ह्यालाच चोळायची. दुसरा आपला गप पडून. बाया म्हणायच्या, मोती, एक तरी गुणाचा दिला गं देवानं. मला पण बरं वाटायचं." ती झोळीकडे बघत होती. "एक दिवस हा उगी झाला, तवा मी तिकडं वळली. गार झालता. कमलेशला म्हाईत नाय. काय सांगू त्याला? तुझ्या रडण्यापायी तुझा भाऊ गेला म्हनून?"

मोतीबाईने पिशवीचे बंद आवळले.

"गजा लय गुणाचा होता गं. जाताना पण रडला नाय."

बाहेर ऋषिकेशने पुन्हा हॉर्न वाजवला. स्वराज दचकून उठला आणि त्याने टाहो फोडला. संजनाचे पाय सवयीने त्याच्याकडे निघाले आणि मध्येच थांबले. झोळीत काही हालचाल नव्हती.

ती त्याला वळसा घालून झोळीपाशी गेली.

"आई," ती म्हणाली, "स्वराजला तुम्ही घ्या. मी गजाला घेते."