शांत गल्ली

"लेखा, गाडीचा आवाज बंद करू नका गं. त्यावरच मला रस्ता दिसतो," अंध नरसूकाका म्हणाले होते. लेखाने ते हसण्यावारी नेलं. "काका, तुम्ही तर पावलांवरून माणूस ओळखता."

त्यांच्या त्या छोट्याशा बेटावरच्या देशातली शेवटची पेट्रोल गाडी भंगारात गेली होती. नियोजन खात्याने 'शांत गल्ली' योजना आणली होती: सगळ्या घरांनी सह्या केल्या, की विजेच्या गाड्यांची, चालणाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून मुद्दाम ठेवलेली घुंईघुंई बंद. लेखाची तान्ही ईरा त्या आवाजाने दचकून उठायची, म्हणून लेखानेच अर्ज फिरवला. शेवटी काकांचा अंगठाही तिनेच धरून अर्जावर टेकवला.

ईरा गाढ झोपू लागली. तीन आठवड्यांनी लेखाच्या लक्षात आलं, की कोपऱ्यावरच्या बाकावर काका दिसत नाहीत. ती डबा घेऊन गेली. त्यांची काठी खुंटीला टांगलेली होती.

"पोर झोपते ना आता?" काकांनीच विचारलं.

लेखाने डबा त्यांच्या हातात दिला.

आता ती आवाज परत आणायचा अर्ज घेऊन दारोदार फिरते आहे. चार घरं अडून बसली आहेत. तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे: तुमची गल्ली शांत झाली असेल, तर कोण बाहेर दिसेनासं झालंय ते आठवा, आणि आजच त्यांचं दार वाजवून या.