नववीतलं गुरुत्वाकर्षण

प्रत्येक तारा गुरुत्वाकर्षणाने जन्मतो आणि गुरुत्वाकर्षणानेच मरतो. विश्वात हा नियम अब्जावधी वर्षं विनातक्रार चालू आहे. आठवीच्या पाठ्यपुस्तक समितीत तो तिसऱ्या बैठकीत नामंजूर झाला.

“हा शब्द तुमच्या धड्यात अकरा वेळा आलाय, मास्तर,” अध्यक्ष चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. “गुरुत्वाकर्षण नववीला आहे. आठवीच्या पोरांना तो कसा कळणार?”

मास्तर त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. मठ्ठ मुलाकडे बघायची चौतीस वर्षांची सवय होती. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि आपल्या मागे छापील असं काही राहणार असेल तर हा एक धडा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो तपासायला बसला होता हा गाळ. अध्यक्षांना विज्ञानातलं फक्त परिपत्रक कळायचं. भाषातज्ज्ञ बाईंनी ‘ताऱ्याचा मृत्यू’ खोडून ‘ताऱ्याचा निरोप’ केला होता. मुलं घाबरतात म्हणे.

“मग वायूचा ढग आकसून तारा होतो, तो कशानं?”

“आपोआप, असं लिहा.”

“आणि जळण संपल्यावर स्वतःच्याच वजनाखाली कोसळतो, तो?”

“तोही आपोआप. आशय तोच राहतो की.”

“अहो, आतली उष्णता जन्मभर बाहेर रेटते, वरचं वजन जन्मभर आत दाबतं. त्या झटापटीलाच तारा म्हणतात!”

“फारच भांडकुदळ वाटतो हो,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. “शब्द राहणार नसेल तर धड्यावरचं माझं नाव काढा.”

“नाव काढायला आमची काहीच हरकत नाही,” अध्यक्ष मोठ्या मनाने म्हणाले.

मास्तरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग सावकाश, खालच्या पट्टीत बोलले, “असं करू. शब्द ठेवू, आणि खाली तळटीप देऊ. सविस्तर माहिती नववीच्या अमुक धड्यात. चालेल?”

तळटिपा कुणीच वाचत नाही, त्यामुळे ती सर्वांना चालली. धडा कितवा ते बघायला कारकुनाने नववीचं पुस्तक आणलं. अनुक्रमणिका वरून खाली वाचली, मग खालून वर.

“साहेब, गुरुत्वाकर्षण नाहीये यात. तीन वर्षांपूर्वी फेरतपासणीत वगळलंय.”

मास्तर ताडकन उठले. “वगळलं? कोणत्या गाढवानं?”

कारकून कपाटाकडे गेला, जुनी फाईल काढली आणि आवाजात काही चढउतार न करता वाचू लागला. “‘लेखकाला विषयाचा गंध नाही. असला धडा दुरुस्त करत बसण्यापेक्षा काढून टाकावा.’”

आणि त्याने फाईल मास्तरांपुढे ठेवली. शेऱ्याखाली त्यांचीच सही होती, तारखेसकट.