अंगात ताकद आली की

आजी जिन्यावरून एकट्या खाली उतरल्या. सतरा पायऱ्या. कठडा धरला, पण हात कुणाचाच धरला नाही. खाली उभ्या असलेल्या स्वयंपाकिणीचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

"बघितलंस?" शेवटच्या पायरीवर आजी धापा टाकत म्हणाल्या. "आता लाव माझ्या मुलाला फोन."

दोन महिन्यांपूर्वी याच आजींना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची. वृद्धाश्रमाचं जेवण म्हणजे पांढरा पाव, गाळलेलं सूप आणि गोड बिस्किटं. दात नाहीत, मग मऊच बरं. आजींचं पोट आठ-आठ दिवस साफ होत नसे. जेवल्या जेवल्या मान खाली पडायची. सगळे म्हणायचे, वय झालं. तपासायला येणारी डॉक्टरीण मात्र एक दिवस थेट स्वयंपाकघरात आली.

"सगळं वयावर ढकलू नका," ती म्हणाली. "पोटात अब्जावधी जिवाणू असतात. आपल्या जेवणातल्या चोथ्यावर ते जगतात आणि आतडं धडधाकट ठेवतात. यांचे निम्मे औषधांनी मेलेत, उरलेले उपाशी आहेत. डाळी, पालेभाज्या, दही द्या. पण बेतानं वाढवा."

स्वयंपाकिणीनं ते मनावर घेतलं. डाळी भिजवून, मऊ शिजवून घोटल्या. पाला बारीक चिरला. पहिल्या आठवड्यात पोटं अशी गुरगुरली, की अख्खा मजला तिच्या नावानं बोटं मोडत होता. व्यवस्थापकांनीही डोळे वटारले. आजी तेवढ्या मुकाट्यानं ताट चाटूनपुसून संपवायच्या. इथे सोडताना मुलगा म्हणाला होता, "आई, अंगात जरा ताकद आली की लगेच घरी नेतो."

तिसऱ्या आठवड्यात पोट ताळ्यावर आलं. पाचव्यात दुपारची पेंग गेली. सातव्यात आजी व्हरांड्यात फेऱ्या मारताना इतरांना दटावायला लागल्या, "बसून काय राहिलात? उठा की!" स्वयंपाकीण आतून ऐकायची आणि गालातल्या गालात हसायची.

रविवारी मुलगा आला. आजी बॅग भरून, बूट घालून दारातच उभ्या होत्या. त्याची नजर आधी बॅगेवर गेली.

"अरे वा, आई! छान दिसतेयस." तो घड्याळाशी चाळा करत म्हणाला, "पण अजून थोडी ताकद येऊ दे हं. घाई नको."

"जिना चढून दाखवू?"

उत्तराची वाट न बघता आजी चढायलाही लागल्या. वर जाऊन खाली आल्या. तोवर तो व्यवस्थापकांशी बोलून निघालाही होता. वाटेत स्वयंपाकघरापाशी थांबला. स्वयंपाकिणीला वाटलं, आभार मानायला आला असेल. तिनं घाईघाईनं हात पुसले.

"काय खायला घालताय तुम्ही तिला?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला उगाच आशा लावू नका."

ती वळून डाळ घोटायला लागली.

दुसऱ्या दिवशी आजींचं ताट भरलेलं तसंच परत आलं. तिसऱ्या दिवशीही. शेवटी स्वयंपाकीण स्वतः ताट घेऊन वर गेली. आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"आजी, त्याचा राग अन्नावर काढू नका हो. इतकी मेहनत घेतलीत तुम्ही."

"रागावले नाही गं पोरी. मला आपला तो पांढरा पाव आणून दे."

"अहो, पुन्हा अंथरुणाला खिळाल!"

आजींनी कूस बदलली आणि समजूत काढावी तसा तिचा हात थोपटला.

"खिळू दे. मी अशक्त असले, की त्याला खोटं बोलावं लागत नाही."