थेंबबाई

सिग्नल अजून लांब होता, पण गाडीचा वेग आताच उतरला. मागचा माणूस हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"लाल दिसला की पाय काढायचा," बाबा म्हणाले. "थांबायचंच आहे, तर पळत कशाला जायचं?"

"लोक बघतायत, बाबा."

"बघू देत. असं रोज कुठे बघायला मिळतं त्यांना!"

सिग्नलला इंजिन बंद झालं. तीस वर्षं शहरात बस चालवलेल्या बाबांचं बोलणं मात्र चालूच राहिलं. मागच्या चाकात हवा कमी वाटतेय. डिकीतला पुस्तकांचा खोका आज तरी उतरव. गाडीला कुठे वाचता येतंय?

तिचं तिकडे लक्ष नव्हतं. कालचं काही केल्या मनातून जात नव्हतं. ऑफिसातल्या कमी इंधनाच्या स्पर्धेत सलग तिसऱ्या महिन्यात तिच्या गाडीचा आकडा सगळ्यांत कमी भरून ती पहिली आली होती. आता तिला सगळे थेंबबाईच म्हणत. "कुणाकडून शिकलात?" साहेबांनी चारचौघांत विचारलं, आणि ती म्हणाली होती, "असंच, वाचून." ती बस ड्रायव्हरची मुलगी आहे, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज खरं सांगून टाकू, असं तिने ठरवलं होतं. तरी गाडी मागच्या गल्लीतच थांबली. ऑफिसच्या फाटकापर्यंत न्यायची नाही, हा तिचाच नियम.

"संध्याकाळी इथेच?" बाबांनी विचारलं.

"इथेच," ती म्हणाली आणि भराभरा चालू लागली.

त्या दुपारी बाबा जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दोन आठवड्यांनी ती कामावर आली, ती बसने. "एवढ्या दुःखातही बाईंनी इंधन वाचवणं सोडलं नाही," म्हणत टायपिस्टने डोळे टिपले. तिला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

साहेबांनी अंगणात ऑफिसची गाडी काढून ठेवली होती. भोवती ऑफिसचे बारा फिरते विक्रेते उभे होते. थेंबबाईंनी एक फेरी मारून दाखवायची आणि मग सगळ्यांनी तसंच चालवायचं, असा बेत होता. साहेबांनी किल्ली पुढे केली.

"आधी एक सांगते," ती म्हणाली. "हे मी वाचून शिकले नाही. हे सगळं माझ्या वडिलांचं. ते बस चालवायचे. मला सांगायची लाज वाटली."

कुणी हसलं नाही. साहेबांचा आवाज मऊ झाला. "अहो, त्यात लाज कसली? असा गुरू मिळायला भाग्य लागतं. चला, आता वडिलांचं नाव काढा."

टाळ्या वाजल्या. एवढ्यावर सुटता आलं असतं. किल्ली तळहातावर गरम झाली होती.

"नाही, साहेब. ते रोज मला मागच्या गल्लीत सोडून गाडी घरी न्यायचे," ती म्हणाली. "मला गाडी चालवता येत नाही."