सोदनोमच्या शिंगराचं वय

गोंचिगनं शिंगराच्या तोंडात अंगठा घातला आणि खालच्या हिरडीवरून फिरवला. मधले दोन दात नव्हते.

"कुठे गेले?"

"विहिरीच्या लोखंडी डोणीवर आपटला, दादा," सोदनोम म्हणाला. "नऊ दिवस झाले."

"आठ-दहा दिवस म्हणाला असतास तर विश्वास ठेवला असता. नऊ कोण मोजतं?"

गोंचिग चोवीस वर्षं तालुक्याच्या नादामला, म्हणजे उन्हाळ्यातल्या शर्यतींच्या जत्रेला, घोड्यांचे दात तपासत होता. दोन वर्षांच्या शिंगराचे सगळे दात दुधाचे असतात. तीन वर्षांचं झालं की मधले पडतात, आणि मग त्याला दोन वर्षांच्यांत धावता येत नाही. नियम साधा होता, माणसं नव्हती. गोंचिगनं डिंकानं चिकटवलेले दात पाहिले होते, कानशीनं घासलेले पाहिले होते, आणि एकदा तर मेंढीचा दात. त्यामुळे तपासणीच्या दिवशी तो कुणाच्या कुपीतली तपकीर ओढत नसे, कुणाकडचं घोडीचं आंबवलेलं दूध पीत नसे, आणि बायकोशीही बेतानंच बोलत असे. तिच्या भावाचा घोडा शर्यतीत होता.

"तीन वर्षांचा आहे तो," बाजूनं आवाज आला.

पुरेवजाव. तालुक्यात सगळ्यात मोठा कळप त्याचा. त्याचं स्वतःचं शिंगरू सकाळीच पास झालं होतं, तरी तो गेला नव्हता.

"छाती बघ त्याची," पुरेवजाव म्हणाला. "दोन वर्षांच्या पोराला असली छाती असते होय? जुने दात पडलेत, नवे यायचेत. डोण म्हणे. उद्या म्हणेल चंद्रावर आपटला."

मागे रांगेत अकरा जण शिंगरं धरून उभे होते. एरवी असलं भांडण म्हणजे त्यांची मेजवानी. आज एकानंही तोंड उघडलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. गोंचिगला तेही आवडलं नाही.

"जन्माचा साक्षीदार आहे का कुणी?" त्यानं विचारलं.

"मी होतो. बायको होती."

"घरचे साक्षीदार आणि मेंढीचा दात, मला दोन्ही सारखेच."

"दादा, आज धावला नाही तर संपलं," सोदनोम म्हणाला. "ही शर्यत घोड्याच्या जन्मात एकदाच येते. पुढच्या वर्षी तो खरंच तीन वर्षांचा असेल. पस्तीस वर्षं घोडी पाळतोय मी, पहिल्या पाचांत येईल असं हे पहिलंच शिंगरू."

"म्हणूनच तर," पुरेवजाव म्हणाला.

गोंचिगनं वही उघडली आणि 'बाद' लिहायला पेन टेकवलं.

"थांबा," सोदनोम म्हणाला. त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि शेवटी शिंगराच्या कानाशी बोलल्यासारखा बोलला. "याचा बाप या तालुक्यात आला त्याला यंदा तीन वर्षं झाली. घोडी अकरा महिने घेते. मग हा तीन वर्षांचा कसा असेल?"

"कोण बाप?"

"राखाडी."

तालुक्यात राखाडी घोडे पन्नास असतील. नुसतं 'राखाडी' म्हटलं की एकच. पुरेवजावनं तीन वसंतांपूर्वी तो नर पूर्वेकडून आणला, तेव्हा जेवायला सगळा तालुका होता, त्यामुळे तारखेबद्दल वाद नव्हता. त्यानंतर त्यानं राखाडीभोवती कुंपण घातलं आणि राखणीला दोन कुत्रे व एक मेव्हणा ठेवला. आपल्या घोडीसाठी राखाडी मागायला कुणी गेलं, की पुरेवजाव त्याला चहा द्यायचा आणि नाही म्हणायचा.

"कसा?" पुरेवजावनं विचारलं.

"माझ्या घोडीचा दोर तुटला."

"आणि ती डोंगर ओलांडून माझ्या कुंपणात शिरली."

"हुशार आहे."

"कुत्रे?"

"ओळखीचे झाले होते."

"परत कशी आली?"

"मी आणली. तिसऱ्या दिवशी. म्हटलं, रमलीय तर कशाला घाई."

पुरेवजावचा हात चाबकाकडे गेला. गोंचिग एक पाऊल मागे सरला. वही तालुक्याची होती, तिला चाबूक लागून चालणार नव्हतं. पण चोरी कबूल करणारा माणूस वयही खोटं सांगतो, असं त्यानं चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. निदान एकाच दिवशी तरी नाही.

पुरेवजाव शिंगरापाशी गेला. त्यानं त्याचे कान बघितले. मान बघितली. मग छातीवरून हात फिरवला, आणि हात तिथेच राहिला.

"लिही," तो म्हणाला. "दोन."

"आत्ता तीन म्हणत होतास."

"अरे, छाती बघ त्याची. आंधळ्यालाही कळेल ही कुणाची छाती आहे ते. तीन वर्षांचा असता तर याच्या दीडपट भरला असता." मग तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पहिल्या पाचांत आला तर बापाचं नाव घ्यायला विसरू नकोस, चोरा."

गोंचिगनं 'दोन' लिहिलं. कुणाचा विचार बदलायच्या आत सोदनोम शिंगरू घेऊन निघूनही गेला.

"पुढचा."

पुढचा माणूस आला. गोंचिगनं त्याच्या शिंगराच्या ओठाला हात लावला, तर त्या माणसानं आधी घसा साफ केला आणि एक डोळा पुरेवजाववर ठेवला.

"तोंडं कशाला उघडत बसता, दादा," तो हळूच म्हणाला. "ही सगळी रांग एकाच बापाची आहे."