सहाशे वीस

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी शर्यतीत संघाची गाडी दुसऱ्या क्रमांकावर आली. गॅरेजमध्ये टाळ्या वाजल्या आणि शाबासकीच्या थापा सगळ्या मेहुण्याच्या पाठीवर पडल्या.

गिअरमास्तरनेही दोन टाळ्या वाजवल्या. न वाजवून चाललं नसतं.

बारा वर्षं या संघाच्या गाड्यांचे गिअरबॉक्स तोच बनवत होता. मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, इथे चिकटवलंही त्यानेच. विजेच्या मोटरींचं शिकलाय, हुशार आहे, पाहा जरा, असं चार लोकांना सांगून. चार वर्षांत पठ्ठ्या मोटर आणि बॅटरीचा प्रमुख झाला. सासूबाई फोन करायच्या ते त्याच्या तब्येतीची चौकशी करायला, जावयाच्या वाट्याला "आणि तुम्ही बरे ना?" एवढंच यायचं.

भांडण वजनाचं होतं. गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर. दोघांचा जोर एकाच गिअरबॉक्समधून चाकांकडे जायचा. एकूण वजन ठरलेलं, त्यामुळे एकाला किलोभर दिलं की दुसऱ्याचं कापावं लागे. मेहुण्याचं म्हणणं, वळणातून बाहेर पडताना मोटर कमी वेगातही पूर्ण जोराने ओढते, मग सात गिअर हवेत कशाला? चार पुरेत. वाचलेले नऊ किलो बॅटरीला द्या. त्याचं गणित चुकलेलं नव्हतं. गिअरमास्तरला तेच जास्त झोंबत होतं.

गुरुवारच्या बैठकीत संघाच्या मुख्य अभियंता, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, त्यांनी निकाल शर्यतीवर सोपवला.

"मोटरचा पुरता जोर झेलून सात गिअर शेवटपर्यंत टिकले, तर पुढच्या वर्षीही सात. नाही तर चार, आणि गिअर विभागातली माणसंही तेवढीच. बोला, तुमच्या गिअरचे दात किती जोर, किती टॉर्क झेलतील?"

त्या खोलीत असल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची पद्धत नव्हती. टायरवाला दोन फेऱ्या कमी सांगायचा, बॅटरीवाले पाच अंश. प्रत्येकाच्या पोटात थोडं राखलेलं असायचं. गिअरमास्तर तर या कलेतला उस्ताद. पाचशे साठच्या वर त्याच्या तोंडून कधी आकडा निघालेला नव्हता.

"पाचशे साठच ना, भाऊजी?" मेहुणा हसून म्हणाला. "लिहून टाकू?"

पाचशे साठ म्हणजे मोटर जोर द्यायला तयार आणि गिअरबॉक्स आडवा आलेला. शर्यतीआधीच निकाल.

"सहाशे वीस," गिअरमास्तर म्हणाला.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "नक्की?"

"नक्की."

चाचणी-यंत्रावर दात सहाशे वीसला पूर्ण शर्यतभर टिकले होते. सहाशे चाळीसला अर्ध्या तासात तडकले होते. भर वेगात दात तुटला की मागची चाकं जखडतात आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, हे गॅरेजमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नसे. पण सहाशे वीसच्या आत भीती नव्हती. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याने पातेलं तळापर्यंत खरवडून वाढलं होतं. मेहुण्याचं हसू विरलं, त्याने मान खाली घालून आकडा लिहून घेतला, तेवढ्यावरच गिअरमास्तरचं पोट भरलं.

आता शर्यतीत त्याची नजर भिंतीवरच्या पडद्यावर, बॅटरीच्या तापमानावर होती. एवढ्या जोराला बॅटरी तापणारच. साठ अंशांना मेहुण्याला मोटर आवरावी लागणार, मग सगळ्यांना कळणार की अडवणारं कोण आहे.

त्रेपन्न. पंचावन्न.

"काय ओढतेय हो तुमच्या मेहुण्याची मोटर," टायरवाला म्हणाला.

"त्या घराण्यातच आहे ते. ताणून धरायची सवय," गिअरमास्तर म्हणाला. "मी वीस वर्षं अनुभवतोय."

सत्तावन्न. त्याने जमेल तेवढ्या काळजीच्या सुरात हाक मारली, "तापतेय रे तुझी बॅटरी."

"तापू दे, भाऊजी. अजून आहे जागा."

चार वाजून वीस मिनिटांनी, लांबच्या सरळ पट्ट्यावर, गाडीने पहिल्या क्रमांकाच्या गाडीला असं मागे टाकलं की समोरचा थांबलाय असं वाटावं. गॅरेज उसळलं. बाईंनी मेहुण्याचा हात हातात घेऊन हलवला. पडद्यावर अठ्ठावन्न. गिअरमास्तर खुर्चीतून उठला नाही.

मेहुणाच त्याच्याकडे आला. कानावरचा हेडफोन गळ्यात ओढून शेजारी उकिडवा बसला.

"भाऊजी, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"मी तुमच्या डोळ्यांत सलतो, ते कळतं मला. ताईला पण कळतं. गुरुवारी वाटलं होतं, तुम्ही मला पाचशे साठवर दाबणार. नाही दाबलंत."

"बरं, बरं. काम बघ जा."

"नाही, ऐका तर. मघाशी बाईंनी विचारलं, पुढच्याला गाठायला अजून काही आहे का? मी म्हटलं, माझ्याकडे मोटर आहे, पण खरं ते भाऊजींच्या पोटात आहे. दहा टक्के राखल्याशिवाय ते आकडा बोलत नाहीत, सहाशे वीस म्हणाले म्हणजे सहाशे ऐंशी डोळे मिटून. तीन फेऱ्या झाल्या, तेवढाच लावलाय. शाबासकी माझी नाहीच, भाऊजी, तुमची आहे."

मेहुण्याच्या पडद्यावर सहाशे अठ्ठ्याहत्तर होतं, आणि एकोणीस फेऱ्या बाकी होत्या.